गाऱ्हाण्याचा साचा

आमच्या गावात देवाशी बोलायचं काम आमच्या घराकडे आहे. डिचोलीला नोकरीला लागले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत मी हे सहज बोलून गेले, आणि पुढे कितीतरी दिवस ऑफिसातले लोक "देवाकडे आमचाही शब्द टाका" म्हणून मला चिडवत होते. चिडवोत बापडे. बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं.

पेडण्याहून केरीकडे जाताना रस्ता एका वळणावर खाली उतरतो, तिथं आमचं गाव आहे. जत्रेच्या दिवशी सकाळी गावातल्या प्रत्येक घराचा एकेक नारळ देवळाच्या चौकात मांडतात, आणि एकानं उभं राहून, एकेका नारळावर हात ठेवून, त्या त्या घराचं मागणं देवाला सांगायचं असतं. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. ज्याच्या घराचं गाऱ्हाणं चाललंय त्यानं स्वतः तोंड उघडायचं नाही. देव समोर बसलेला असला तरी मध्ये बोलणारा माणूस लागतो, असा आमच्याकडचा रिवाज. तो मध्ये उभं राहायचा मान आमच्या घराचा. आजोबांनंतर तो बाबांकडे आला.

बाबा एरवी अगदी कमी बोलणारे. बागायतीत गेले की दिवसभर त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही. बाजारात मासळीचा भाव करायचा झाला तरी आईला पुढे ढकलत आणि आपण पिशवी धरून मागे उभे राहत. पण गाऱ्हाण्याला उभे राहिले की हेच का ते, असं वाटायचं. "बा देवा म्हाराजा!" अशी पहिली हाक गेली की मागे कुजबुजणाऱ्या बायकासुद्धा गप्प व्हायच्या. मग सीमेवरचा राखणदार, पाणवठ्यावरचा देवचार, गावाचा मूळपुरुष, सगळ्यांना क्रमानं हाक. मग आज अमक्या घरच्या लेकरानं हा नारळ ठेवलाय, त्याचं हे हे मागणं आहे, त्याची इडापिडा टळू दे, कुणा अमक्या-तमक्याची वाईट नजर लागली असेल तर ती दूर कर, वाकडं असेल ते सरळ कर. प्रत्येक तुकडा संपला की सगळा गाव एका आवाजात म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" लहानपणी मला खात्री होती की देव बाबांना थोडा घाबरून असतो.

मग एका वर्षी, जत्रेला काही महिने असताना, बाबांना झटका आला.

म्हापशाच्या इस्पितळातून घरी आणलं तेव्हा हातापायांचं फारसं काही बिघडलेलं नव्हतं. उजवा पाय जरा ओढत, एवढंच. बोलणंही परत आलं. गेली ती फक्त नावं. पेला हवा असला की "तां... पाणी पितत तां" म्हणायचे. शेजारी भेटायला आला की त्याच्याकडे बघून छान हसायचे, त्याच्या गुरांची चौकशी करायचे, आणि तो गेल्यावर आम्हाला हळूच विचारायचे, "हो कोण गो?" ओळख होती, माया होती, शेजाऱ्याची गाय कुठली आणि ती कधी व्यायली हेसुद्धा ध्यानात होतं. नाव तेवढं नव्हतं. आई म्हणायची, "आदी कोणाक नावान हाक मारीत नासले, आता नावाशिवाय वळखतत. घरात कायच बदलूंक नाय." असं बोलायची आणि आत जाऊन रडायची. मला तिचं हसणंही कळायचं आणि रडणंही.

एकदा मी माहेरी गेले असताना न्हाणीतून बाबांचा आवाज आला. अंगावर पाणी घेताना ते सवयीनं गाऱ्हाणं म्हणत होते. हाक, राखणदार, देवचार, मूळपुरुष, सगळं न अडखळता, जुन्याच ठसक्यात. आई चुलीकडून धावत आली. आम्ही दोघी दाराबाहेर उभ्या. "आज हो नारळ जो ठेयलेलो आसा, तो..." इथपर्यंत आलं आणि थांबलं. पाण्याचा तांब्या बादलीत पडल्याचा आवाज आला. 

बाकी संसाराला बाबांना नावं नसली तरी चालत होतं, पण गाऱ्हाणं नावांशिवाय होत नाही. गावकरी समजूतदार होते. दोघं-तिघं येऊन सोप्यावर बसले आणि म्हणाले, "यंदा तुमी आराम करात. तुमचो भाव आसा मरे." बाबांनी मान डोलावली, पाहुण्यांना चहा द्यायला लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून बागायतीत जायचं बंद केलं. जेवणाचं ताट अर्धं परत जायला लागलं. यंदा ते देवासमोर उभे राहिले नाहीत तर पुन्हा कधीच राहणार नाहीत, हे आई जाणून होती, मी जाणून होते आणि सगळ्यांत जास्त ते स्वतः जाणून होते.

गावकऱ्यांनी ज्याचा उल्लेख केला तो भाऊ म्हणजे माझे काका. हरमलला पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या त्यांच्या खोल्या आहेत. सगळ्या जगाच्या गोऱ्यांशी ते त्यांच्या त्यांच्या भाषेत हुज्जत घालतात, स्कूटरच्या भाड्यावरून एखाद्याला घाम फोडतात. पण देवासमोर चार माणसांत बोलायचं म्हटलं की ते खांबामागे जाऊन उभे राहतात. मान आपल्याकडे येणार ही बातमी त्यांना समजली तेव्हापासून ते रोज संध्याकाळी मोटरसायकलवरून आमच्याकडे यायचे. येताना शहाळी आणायचे, बाबांचे पाय दाबून द्यायचे, आणि आईला बाजूला घेऊन विचारायचे, "वयनी, दादाक बरां दिसता मगो? रंग बरो आयलो मगो?" भावाच्या तब्येतीसाठी इतक्या मनापासून नवस बोललेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आता माझ्या ऑफिसाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथूनच आलं. लग्न होऊन मी डिचोलीला, आमच्या बोलीत दिवचलेला, गेले, आणि मुळगावच्या बाजूला खनिजाच्या ट्रकांचा हिशेब बघणाऱ्या एका कंत्राटदाराकडे कॉम्प्युटरवर बसायला लागले. खाणी तेव्हा जोरात होत्या. ट्रकमालकांना सतत पत्रं जायची आणि सगळी पत्रं एकसारखी. मालकाचं नाव, ट्रकचा नंबर, खेपांचा रस्ता, एवढंच काय ते बदलायचं. मी जुनं पत्र उघडायची, नाव बदलायची, छापायची. वर एकाचं नाव बदललं आणि खाली आधीच्याचं राहिलं, असं व्हायचंच. मग एक ट्रकमालक दुसऱ्याच्या ट्रकबद्दल भांडायला यायचा आणि साहेब काचेच्या केबिनमधून माझ्याकडे असे बघायचे की मला आपण माती होऊन त्या ट्रकात बसावं असं वाटे.

ऑफिसात सावंतवाडीकडची एक मुलगी होती, मशिनींची देखभाल बघायला यायची. तिनं एक दिवस माझं हे चाललेलं बघितलं आणि कपाळाला हात लावला. खुर्ची ओढून ती माझ्या बाजूला बसली. पत्राची एक फाइल करायला लावली, तिचं नाव साचा. साच्यात जिथं नाव यायचं तिथं नाव नाही, फक्त खूण. दुसऱ्या फाइलमध्ये नुसता तक्ता: एका ओळीत एक माणूस आणि त्याची माहिती. आणि तिसरी फाइल म्हणजे स्क्रिप्ट, कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांच्या थोड्या ओळी. तक्त्यातली एक ओळ उचल, साच्यातल्या खुणांच्या जागी ती घाल, पत्र तयार करून बाजूला ठेव, पुढची ओळ उचल. तिनं एक बटण दाबलं आणि माझं दोन दिवसांचं काम मी पाण्याचा घोट घेईपर्यंत उरकलं. मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. इतके दिवस ही कुठं होती? मग मी ते तिच्याकडून नीट शिकून घेतलं. हुकूम कसा लिहायचा, चुकला तर कुठं चुकला ते कसं शोधायचं. साहेबांचं बघणं बंद झालं.

न्हाणीत तांब्या पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी डिचोलीला परत चालले होते, आणि अस्नोड्याच्या पुढे कुठंतरी मला कळलं की बाबांच्या डोक्यातला साचा शाबूत आहे. गेला आहे तो तक्ता. एवढंच कळलं, पण मी बसमध्ये एकटीच हसले आणि बाजूच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

पहिल्यांदा मला वाटलं, सोपं आहे. नावांची यादी लिहून देऊ. पुढच्या खेपेला मी तसं केलं. तेही चाललं नाही. सुटं नाव बाबांना डोळ्यांनी दिसायचं, अक्षरं ओळखू यायची, पण तोंडातून निघायचं नाही. नुसत्या नावापुढे ते असे उभे राहायचे की मला बघवेना. मग मी एक चिठ्ठी वेगळी करून बघितली. नावाच्या आधीचं वाक्य आणि नंतरचं वाक्यही लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. "आज ह्या वडाकडल्या घरच्या लेकरान हो नारळ ठेयलेलो आसा." बाबांनी सुरुवात केली आणि आधीच्या शब्दांच्या धक्क्यानं घराचं नाव बाहेर पडलं. वडाकडल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा निघालं. पळत येऊन उडी मारली की व्हाळ ओलांडता येतो, उभ्यानं येत नाही, तसंच हे काहीतरी असावं. म्हणजे प्रत्येक घराची पूर्ण चिठ्ठी हवी. गावात घरं भरपूर, त्यात मागणी जत्रेच्या सकाळपर्यंत बदलत राहणार. हातानं लिहिणं म्हणजे माझं जुनं ट्रकांचं प्रकरण. इथं स्क्रिप्टच हवी.

साचा लिहून घ्यायला मी सोप्यावर वही घेऊन बसले. बाबा गाऱ्हाणं म्हणायचे, मी उतरवायची. नावाच्या जागी ते आपोआप "अमक्या" म्हणायचे, आजोबांनी त्यांना शिकवताना तसंच शिकवलं असणार. लिहिता लिहिता माझ्या ध्यानात आलं की हा साचा माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही साच्यापेक्षा हुशारीनं बांधलेला आहे. ऑफिसात मला पुरुषाला वेगळं वाक्य लागायचं, बाईला वेगळं, थोरामोठ्याला वेगळं. इथं सगळेच "लेकरू". बोटीवरचा कॅप्टन असो की शेणी थापणारी म्हातारी, देवापुढे लेकरू, आणि वाक्य कुठं अडत नाही. आमच्या मागच्या पिढ्यांनी हे घासून घासून गुळगुळीत करून ठेवलं होतं आणि मी त्यांना अडाणी समजत होते. मी बाबांना तसं म्हटलं. ते म्हणाले, "अडाणीच आसले. पण भांडखोर आसले. भांडण जांव नये म्हणून केलां आसतलां."

तक्ता भरायचं काम आईचं. जत्रेच्या आधी आठवडाभर माणसं आमच्या सोप्यावर येऊन मागणं सांगून जातात, ही पद्धत जुनीच. मुंबईची आणि आखातातली माणसं फोनवर सांगतात. आई ते सगळं ऐकायची आणि मला सांगायची, आणि सांगताना स्वतःचं मत घालायची. कुणाला यंदा सून हवी होती, कुणाची म्हैस गाभण राहत नव्हती, एकाला हरमलच्या किनाऱ्यावरच्या खानावळीत, शॅकवर, गिऱ्हाईक हवं होतं. "ताका म्हण, आदी माशे ताजे घाल म्हणान," आई म्हणाली. मी म्हटलं, "आई, तक्त्यात मागणं घालायचं, सल्ला नाही."

पहिली चाचणी आमच्या घरातच झाली. मी डिचोलीहून मोठ्या अक्षरात छापून आणलेल्या चिठ्ठ्या मेजावर ठेवल्या, बाबा खिडकीकडे उभे राहिले, आई गावाच्या जागी, "व्हय म्हाराजा" म्हणायला. काकाही होते, शहाळं सोलत. बाबांनी पहिली चिठ्ठी घेतली. हाक झाली, देवचार झाला, वडाकडलं घर आलं, त्यांच्या मुलाचं नोकरीचं मागणं आलं. आईचा आवाज दर वाक्याला चढत होता. आणि मग बाबा त्याच ठसक्यात म्हणाले, "आनी देवा म्हाराजा, ह्या लेकराक जर कोणा वडाकडल्या-तमक्याची वायट नदर लागली आसात, तर ती दूर कर!"

"व्हय म्हा..." म्हणून आई थांबली.

काय झालं ते मला आधी कळलंच नाही. मग डोक्यात उजेड पडला. बाबा नावाच्या जागी "अमक्या" म्हणत, म्हणून मीही खूण म्हणून तोच शब्द ठेवला होता. जिथं "अमक्या" दिसेल तिथं घराचं नाव घाल, असा माझा हुकूम. पण गाऱ्हाण्यात "अमक्या" दोनदा येतो, एकदा नारळ ठेवणाऱ्याच्या जागी आणि एकदा वाईट नजरेच्या माणसाच्या जागी. स्क्रिप्टला त्यातलं काय कळतंय! सांगितल्या कामाची पक्की, तिनं दोन्ही ठिकाणी घर घातलं. आमच्या गावातलं प्रत्येक घर आता देवाला सांगणार होतं की आम्हाला आमच्याच नजरेपासून वाचव.

आई खाली बसली. पदर तोंडाला लावून हसायला लागली, इतकी की तिला उचकी लागली. "तुजी मशीन खरां बोलता गो बाय," ती कशीबशी म्हणाली. "वडाकडलीची नदर सगळ्यांकच लागता. तिका स्वताक लागली आसतलीच!" काकांना हातातला कोयता बाजूला ठेवावा लागला. आणि बाबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा, खांदे हलवून, आवाज न करता, त्यांच्या जुन्या पद्धतीनं. त्या हसण्यासाठी मी आणखी शंभर चुका केल्या असत्या.

ती चूक सोपी होती, डिचोलीला जाऊन मी सुधारली. महिरपी कंसात खूण घातली, जी कुठल्याही देवाच्या आणि माणसाच्या बोलण्यात येणार नाही अशी. पण दुसरी अडचण त्याहून मोठी निघाली. बाबांनी चिठ्ठ्या मेजावर ठेवल्या आणि म्हणाले, "घरात ठीक आसा. देवळात मी कागद धरून रवांचंय नाय. देवाक वाचून दाखवतंय? तो कितां मामलेदार आसा?"

 माझ्याकडे फक्त स्क्रिप्ट होती. उत्तर काकांनी दिलं, आणि ते स्वार्थानं दिलं हे त्यांनी कधी लपवलं नाही. ते म्हणाले, "दादा, तू नारळार हात ठेयताना वाकतसच मरे. खाली केळीच्या पानाचो तुकडो आसता, विडो आसता. थंयच कागद आसलो तर तो तुज्या हातात खंय आसा? तो नारळाखाल आसा." बाबांनी एक चिठ्ठी मेजावरच्या शहाळ्याखाली सरकवून बघितली. "नारळाखाल आसलेलां सगळां देवाचां," ते शेवटी म्हणाले. काका इतके खूश झाले की अर्धं सोललेलं शहाळं तसंच टाकून घरी गेले.

जत्रेच्या सकाळी मी आणि आई सगळ्यांच्या आधी देवळात गेलो. आदल्या संध्याकाळपर्यंत आईनं फोनवर कळवलेली मागणी घालून मी चिठ्ठ्या पुन्हा छापून आणल्या होत्या, नारळ ज्या क्रमानं मांडतात त्या क्रमानं. आई एकेक पान ठेवत गेली, मी एकेक चिठ्ठी, आणि लोक येऊन आपापला नारळ वर ठेवत गेले. चिठ्ठी सगळ्यांना दिसत होती. नारळाखालून हाताएवढा पांढरा कागद बाहेर आलेला कुणाला दिसणार नाही? पण एकानंही "हे काय" म्हणून विचारलं नाही. वडाकडलीनं तर आपला नारळ किंचित बाजूला सरकवून ठेवला, अक्षरं झाकली जाऊ नयेत म्हणून. तिच्या नजरेबद्दल मी पुन्हा कधी हसले नाही. आई हसते, तो तिचा प्रश्न.

बाबा धोतर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून आले. पाय ओढत होते, पण काकांचा हात त्यांनी धरला नाही. चौकात उभे राहिले, देवाकडे बघितलं, आणि हाक गेली. "बा देवा म्हाराजा!"



एकेक नारळ होत गेला. बाबा वाकायचे, हात ठेवायचे, आणि वाक्य त्यांना नावापर्यंत घेऊन जायचं, नाव निघायचं, गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचा. मध्येच एका घराच्या मुलाला परदेशाचा विसा मिळू दे म्हणून गाऱ्हाणं चाललं असताना त्याची आई मागून न राहवून ओरडली, "मेळलो, मेळलो! आजच सकाळी फोन आयलो!" चिठ्ठीत ते कुठून असणार? मी डोळे मिटून घेतले. बाबा थांबले, क्षणभरच, आणि म्हणाले, "दिलंस तां बरां केलंस, म्हाराजा. आता घातलंस थंय सांबाळ." चिठ्ठीबाहेरचं वाक्य! लोकांनी "व्हय म्हाराजा" इतक्या जोरात म्हटलं की देवळातली कबुतरं उडाली. काकांच्या चेहऱ्यावर तर देव प्रत्यक्ष भेटल्यासारखं समाधान होतं.

शेवटचा नारळ आमचा. गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या घराचा नारळ नेहमी शेवटी.

बाबा वाकले आणि त्यांचा हात नारळावर तसाच राहिला. खाली केळीचं पान होतं, विडा होता, कागद नव्हता. मी तक्ता पुनःपुन्हा तपासला होता, पण आमची ओळ त्यात नव्हतीच. कारण आमचं मागणं कुणी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. सगळं गाव सोप्यावर येऊन बाबांना सांगून जायचं. बाबांना कोण सांगणार? ते आपलं आपण बोलायचे. आईच्याही ध्यानात आलं नाही, कारण तिच्या सबंध संसारात ती ओळ कुठं लिहायची नसते, हेच तिनं पाहिलेलं.

बाबांनी सुरुवात केली. आमच्या घरासाठी त्यांना हाक, देवचार, मूळपुरुष सगळं येत होतं. आईचं नाव घ्यायचं नसतंच. "ह्या घरची लक्ष्मी" म्हणतात, ते झालं. काका "पाठचो भाव" म्हणून निभावले. मग ते माझ्याकडे आले. लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव माहेरच्या गाऱ्हाण्यात शेवटी, नावासकट घेतात. ती आता दुसऱ्या गावची, दुसऱ्या देवाच्या हद्दीतली, म्हणून तिच्या बाबतीत गोंधळ नको.

"आनी म्हाराजा, दिवचलेक दिलेली माजी..."

आणि ते थांबले.

मला बाबा जन्मभर "बाय" म्हणत आले. नावानं हाक त्यांनी मला कधी मारली नव्हती. त्यामुळे इतके महिने मी त्यांच्यासमोर वावरले, त्यांच्या नावांसाठी फाइली केल्या, आणि माझंही नाव त्या गेलेल्यांत आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ते मला तिथं, सगळ्या गावासमोर कळलं. आईनं माझं मनगट घट्ट धरलं. काकांचे ओठ हलत होते, पण ज्याच्या घराचं गाऱ्हाणं त्यानं "व्हय म्हाराजा"खेरीज काही बोलायचं नसतं, आणि घर तर आमचंच. एक शब्द. मला माझं स्वतःचं नाव तेवढं मोठ्यानं म्हणायचं होतं, आणि मला ते म्हणता येत नव्हतं.

बाबांनी नारळावरचा हात काढला. ताठ उभे राहिले. देवाकडे बघून, ओरडून नाही, आमच्याशी बोलतात तसे म्हणाले, "हिचां नाव माज्याकडसून गेलां, म्हाराजा. ही जागा मी रिकामी ठेयतंय. तुका ठावक आसा तां. तू घाल. आनी हिका सांबाळ."

 मग काका, ज्यांना चार माणसांत तोंड उघडवत नाही ते माझे काका, सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले, "व्हय म्हाराजा!" आणि मागोमाग अख्खा गाव. मी रडले. भरपूर रडले, आणि लाज वाटली नाही.

प्रसादाचं खोबरं घेऊन आम्ही शेतांच्या मेरेवरून घरी निघालो. आई आणि काका पुढे होते, विसा मिळालेल्या मुलाबद्दल मोठमोठ्यानं बोलत. बाबा पाय ओढत सावकाश चालत होते, म्हणून मी त्यांच्या बरोबर मागे राहिले. ते खुशीत होते. खोबऱ्याचा तुकडा तोंडात घोळवत होते.

मध्येच ते थांबले आणि जरा संकोचून म्हणाले, "बाय, तुजां नाव कितां गो?"

मी सांगितलं.

त्यांनी ते हळूहळू, चव घेतल्यासारखं, एकदा म्हणून बघितलं. "बरां आसा," ते म्हणाले. "कोणी ठेयलां?"

"तुमीच, बाबा."